फक्कीचं घर

माझा काका आर्किटेक्ट आहे आणि त्याला स्वतःचं घर बांधता येत नव्हतं. हे मी कुणालाही सांगितलं की तो आधी हसतो आणि मग विचारतो, "असं कसं?" असं कसं, ते मलाही धड कळलेलं नाही. पण त्या सगळ्या गोंधळात मोजायच्या टेपचं एक टोक धरून मीच उभी असायचे, त्यामुळे सांगायचा हक्कही माझाच.

मी दवाखान्यात एक्सरे काढते. काम सरळ आहे. माणसाला नीट उभं करायचं, "हलू नका, श्वास रोखा" म्हणायचं आणि बटण दाबायचं. हललात की फोटो बिघडला. आठवडाभर लोकांना स्थिर करून मी घरी टेकते न टेकते तोच काकाचा फोन यायचा, "रविवारी प्लॉटवर येतेस ना? स्वैपाकघर जरा हलवायचंय." ते स्वैपाकघर इतक्या वेळा हललं की माझ्या हाताखालून गेलेल्या सगळ्या रोग्यांनी मिळून तेवढी हालचाल केली नसेल.

दुसऱ्यांच्या घरांच्या बाबतीत मात्र काका असा मुळीच नव्हता. त्याचं ऑफिस म्हणजे एक लांबट खोली, दोन मोठी टेबलं, कोपऱ्यात गुंडाळलेल्या नकाशांचा ढीग. क्लायंट आला की काका त्याला चहा द्यायचा आणि प्रश्नांनी भंडावून सोडायचा. सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल कुठे पडतं? चपला कुठे काढता? भांडण झालं की कुठल्या खोलीत जाऊन बसता? लोक आधी लाजायचे, मग असं काही सांगायचे की बरोबर आलेल्या बायकोला ते तिथेच पहिल्यांदा कळायचं.

त्यानंतर काकाची खास पद्धत सुरू व्हायची. नकाशा कुणालाच वाचता येत नाही, लोक नुसती मान डोलावतात, असं त्याचं ठाम मत. म्हणून खणायच्या आधी तो प्लॉटवर चुन्याच्या फक्कीनं सगळं घर जमिनीवर काढायचा, खऱ्या मापाचं, आणि घरच्यांना त्यात एक सकाळ राहायला लावायचा. दार उघडा, आत या, पिशवी ठेवा, हात धुवा. एका डॉक्टरीणबाईंना त्यानं नसलेल्या संडासात खुर्ची टाकून बसवलं होतं, नसलेलं दार त्यांच्या गुडघ्याला लागतं का ते बघायला. कुणी रेघ ओलांडली की हा ओरडायचा, "अहो, भिंतीतून कुठे चाललात!" दुपारपर्यंत सगळ्या तक्रारी निघायच्या, रेघा इकडच्या तिकडे व्हायच्या आणि दुसऱ्या दिवशी कुदळ पडायची. अशी किती घरं, दवाखाने, शाळा त्यानं उभ्या केल्या. बसस्टँडवरची स्वच्छतागृहं ही आपली सर्वांत चांगली इमारत, असं तो पाहुण्यांना सांगतो आणि तिथे नेऊन दाखवतोही. पाहुण्यांना बिचाऱ्यांना कुठे बघावं ते कळत नाही.

मग स्वतःच्या घराचं घोडं कुठे अडलं होतं?

प्लॉट गावाच्या कडेला केव्हाच घेऊन ठेवलेला. काका-काकू राहायचे भाड्याच्या घरात, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. आणि काकूचे गुडघे गेलेले. तिचे एक्सरे मीच काढले. काही फोटो असे असतात की डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आधी आम्हाला कळतं. दोन हाडांमध्ये जी मोकळी जागा दिसायला हवी ती काकूच्या गुडघ्यात उरलीच नव्हती. डॉक्टर म्हणाले, जिना टाळा, तळमजल्यावर राहायला जा. काका म्हणाला, "घर बांधतोच आहे की!" त्या दिवशी मला ते खरं वाटलं.

काकूचं खाली उतरणं हळूहळू कमी होत गेलं. आधी बाजार सुटला, मग वाचनालय, मग मैत्रिणीकडचं जाणं. शेवटी ती फक्त रविवारी उतरायची, प्लॉटवर जायला. कठडा दोन्ही हातांनी धरून, आडवी होऊन, एकेक पायरी. मी खालच्या पायरीवर उलटी उभी राहायचे, पडलीच तर धरायला. अजून थोडे महिने गेले तर ती रविवारीसुद्धा उतरणार नाही, हे मला दिसत होतं. मग घर झालं काय आणि न झालं काय. ती वरच राहणार, आणि खिडकीतून दिसेल तेवढंच तिचं गाव.

काकूला हे कळत नव्हतं असं नाही. पण ती पहिल्यापासूनच मूग गिळून बसणारी. दुखतं का विचारलं तर "चालायचंच" म्हणणार. चहात साखर विसरली तरी पिऊन टाकणार. तिला काय आवडतं आणि काय खटकतं, ह्याचा ती कुणाला ताकास तूर लागू द्यायची नाही. मला तिचा ह्यासाठी फार राग यायचा. मी तिच्या जागी असते तर पहिल्याच पावसाळ्यात काकाचे सगळे नकाशे खिडकीतून खाली भिरकावले असते.

रविवारी सकाळी आम्ही प्लॉटवर पोचायचो. काका फक्कीचं घमेलं घेऊन वाकलेला, मी टेप धरलेली, काकू घडीच्या खुर्चीवर. रेघा झाल्या की काकू उठून काठी टेकत घरात शिरायची, शहाण्या पाहुणीसारखी बरोबर दारातूनच. काका विचारायचा, "कसं वाटतंय?"

"छान आहे की," काकू म्हणायची.

मागच्या रविवारच्या घरालाही ती छानच म्हणाली होती. त्याच्या मागच्याही. काका डोकं खाजवायचा, लांब जाऊन डोळे बारीक करून बघायचा आणि म्हणायचा, "काहीतरी चुकतंय." काय चुकतंय ते त्याला सांगता यायचं नाही. मला तर काहीच दिसायचं नाही, पांढऱ्या रेघा सोडून. एकदा एक फिरायला आलेले गृहस्थ थांबले आणि आनंदानं म्हणाले, "वा! बॅडमिंटन सुरू होतंय वाटतं इथे!" काकाला ते इतकं लागलं की त्यानं दिवाणखानाच पुसून टाकला.

त्यातून त्याला इमारती बघायचं वेड. अडलं की तो म्हणायचा, "जाऊन एखादी चांगली बिल्डिंग बघून येऊ, म्हणजे सुचेल." मग त्या रविवारी प्लॉटऐवजी आमची वरात तिकडे निघायची. एका जुन्या पाण्याच्या टाकीचं वाचनालय केलंय असं कळलं, ते बघितलं. पुढच्या रविवारी प्लॉटवर सगळ्या खोल्या गोल. "गोल खोलीत कपाट कुठे ठेवायचं?" मी विचारलं. काका म्हणाला, "तोच तर प्रश्न आहे," आणि उत्साहानं दुसरा गोल काढायला लागला. मग एका बंद पडलेल्या गिरणीचं करवतीच्या दातांसारखं छप्पर बघितलं. त्यातून येणाऱ्या उजेडाखाली काका तोंड उघडं टाकून उभा. पुढच्या रविवारी भिंती कुठे आहेत ते महत्त्वाचंच राहिलं नाही, सगळं छपरावर गेलं, आणि छप्पर काही फक्कीनं काढता येत नाही. आम्ही मोकळ्या जमिनीवर उभं राहून वर आभाळाकडे बघत होतो. एका संग्रहालयात तर आम्ही चुकलो. काका खूश, म्हणे चुकवण्यासाठीच ते असं बांधलंय. काकूचे पाय भरून आलेले, मला बाहेरची वाट सापडेना आणि हा तिसऱ्यांदा त्याच दालनात येऊन म्हणतोय, "बघ, पुन्हा इथेच आलो की नाही!"

इमारत बघताना त्याची तऱ्हा वेगळीच. खांबांवर टकटक करणार, भिंतीला गाल लावणार. नाट्यगृहात गेलो तर हा रंगमंचासमोर सरळ जमिनीवर उताणा. पहारेकरी धावत आला. काकू म्हणाली, "घाबरू नका, त्यांना काही झालेलं नाही. छत बघतायत." हे ती इतक्या सवयीनं म्हणाली की पहारेकरीही वर बघायला लागला.

मी भांडायचे. "काका, एकदा फक्त हो म्हण."

"हो म्हणतोय ना. फक्त जिन्याचं..."

"तळमजल्याच्या घराला जिना कशाला?"

"गच्चीवर जायला."

"काकूच्या गुडघ्यांना गच्ची कशाला?"

 काकानं पायानं जिना पुसून टाकला. पुढच्या रविवारी तिथे उतार आला होता, घराला वेढा घालून वर जाणारा. मी हात टेकले.

मग तो रविवार उजाडला, ज्याच्यामुळे हे सगळं सांगतेय. काकाच्या मनात आता दोनच नकाशे उरले होते. एकात मध्ये चौक होता, चारी बाजूंनी खोल्या. दुसऱ्यात चौक नव्हता, खोल्या एका ओळीत आणि पुढे लांब ओसरी. दोन म्हणजे प्रगतीच, असं मी स्वतःला समजावलं. काका म्हणाला, "दोन्ही एकदमच काढू, एकावर एक. म्हणजे समोरासमोर तुलना होईल." चौकाचं घर पांढऱ्या फक्कीनं, ओसरीचं घर विटांच्या लाल पुडीनं.

सकाळ गेली, दुपार झाली. लाल घर अर्ध्यावर आलं आणि विटांची पूड संपली. कुठलाही शहाणा माणूस थांबला असता. काकाच्या मात्र हातात घमेलं होतं आणि डोक्यात घर भरलेलं होतं. उरलेलं लाल घर त्यानं पांढऱ्यानंच काढलं. "माझ्या लक्षात आहे कुठली रेघ कुणाची," तो म्हणाला. काकू आत शिरली आणि पहिल्यांदाच दारात अडखळली. तिनं एका दारातून पाऊल टाकलं ते दुसऱ्या घराच्या न्हाणीघरात. "छान आहे," ती म्हणाली, पण जरा थांबून.

संध्याकाळी काकाच्याही लक्षात राहिलं नाही. तो रेघांमध्ये उभा राहून बोटानं हवेत काहीतरी मोजत होता. मग म्हणाला, दुसऱ्या शहरात एका आर्किटेक्टनं स्वतःसाठी बांधलेलं घर आहे, आता लोकांना बघायला उघडं असतं. ते एकदा बघून यावं. "स्वतःसाठी त्यानं कसं ठरवलं असेल, ते तरी कळेल." आणि खरंच तो बॅग घेऊन गेला.

तो गेल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी काकूचा फोन आला. "तुला सुट्टी आहे ना? मला प्लॉटवर सोड."

"आज? काका नाही तर कशाला?"

"मिस्त्रींना बोलावलंय. खणायला."

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं. खाली उतरताना मी विचारत राहिले आणि ती पायऱ्यांकडे बघत राहिली. मधल्या मजल्यावर ती थांबली. कठड्यावर कपाळ टेकवलं आणि म्हणाली, "हे उतरणं आता माझ्याच्यानं होत नाही गं." इतक्या वर्षांत मी तिच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं सरळ वाक्य. मला रडू आलं, आणि जिन्यात रडत बसायला जागा नव्हती.

प्लॉटवर मिस्त्री माणसं घेऊन उभे होते, पण रेघांच्या बाहेर. काकाच्या कितीतरी घरांवर त्यांनी काम केलेलं, पण असं काही त्यांनी पाहिलेलं नव्हतं. "वहिनी, ह्यातलं घर कुठलं?"

"हेच," काकू म्हणाली.

"हे की हे?"

काकूनं माझ्याकडे बघितलं. मी टेप धरणारी, मला काय कळतंय? मी काकाला फोन लावला. बंद. इमारत बघायला शिरला की तो फोन बंदच करतो. मिस्त्री म्हणाले, साहेब येईपर्यंत थांबू. मीही तेच म्हटलं. आम्हा दोघांनाही कामाला लागायची भीती वाटत होती, खरं तर.

"साहेब आले की तिसरं घर काढतील," काकू म्हणाली. "मिस्त्री, मी चालते. मी जिथून जाईन ती मोकळी जागा. जिथे सांगेन तिथे खुंटी ठोका."

आणि ती चालायला लागली. लाल दारातून आत, पांढऱ्या भिंतीपाशी वळण, मग कुणाचीच नसलेल्या एका रेघेपाशी थांबून, "इथे बसता यायला हवं." मिस्त्री मागे खुंट्या ठोकत, त्यांची माणसं दोरी ओढत. ती चुकत होती, हे मला स्पष्ट दिसत होतं. एकदा स्वैपाकघरातून निघून ती परत स्वैपाकघरातच आली. "मगाशी ही खोली इथेच होती ना?" ती मिस्त्रींना विचारायची. "कुठली खोली, वहिनी?" "तीच ती, कपाटाची." "ती ह्या घरात होती की त्या घरात?" तिला आठवेना. दमली की उभी राहायची आणि जिथे उभी राहिली तिथे मिस्त्री खुंटी ठोकायचे. ती म्हणायची, "नाही हो, मी नुसती दमलेय." तोवर दोरी बांधून झालेली असायची.

चौकाची एक बाजू आली, तीन राहिल्या. ओसरी अर्धी आली. आणि मधोमध एक लहानशी पाच कोपऱ्यांची खोली तयार झाली, जी कुणीच मागितली नव्हती. तिघंही तिच्याभोवती फिरलो. ही कशाची, कुणालाच सांगता येईना. "राहू दे," काकू शेवटी म्हणाली. "कशाला तरी होईल." पहिली कुदळ पडली तेव्हा तिनं माझा हात इतका घट्ट धरला की माझी अंगठी रुतली.

काका परत आला आणि स्टेशनवरून थेट तिथेच आला, कारण मी फोनवर सांगून टाकलं होतं. बॅग खांद्यावरच. तो चरांच्या कडेनं चालत राहिला. पुढे गेला, मागे आला. एका चरात उतरला, वर आला. त्याचा चेहरा आधी संतापलेला होता, मग नुसताच हरवलेला. "हे काय आहे?" तो पुटपुटत होता. "हा चौक आहे का? मग इकडून... आणि हे? हे काय आहे?" पाच कोपऱ्यांच्या खोलीपाशी तो बराच वेळ उभा राहिला.

काकू खुर्चीत बसून होती. "बुजवायचं असेल तर बुजवा," ती म्हणाली. "पण मग पुन्हा मला खाली आणू नका. मी वरच राहीन. मला पुन्हा पुन्हा उतरवत नाही."

काका तिच्यासमोर मातीत बसला. इतका उंच माणूस, पण तेव्हा अगदी लहान दिसला.

"मला ठरवताच येत नव्हतं गं," तो म्हणाला. "दुसऱ्याचं घर चुकलं तर तो येऊन भांडतो. शिव्या घालतो. मी बदलून देतो. तुझं चुकलं असतं तर तू काही बोलली नसतीस. 'छान आहे' म्हणाली असतीस आणि मरेपर्यंत त्यात राहिली असतीस. मला कळलंच नसतं. दर रविवारी मी विचारायचो, तू म्हणायचीस छान. मग मी काय करायचं?"

 काकूनं त्याच्या केसांतली माती झटकली. मी तिथून बाजूला झाले. मला काकाचा राग करायची इतकी सवय झाली होती की तो राग गेल्यावर काय करावं ते सुचेना.

चर बुजवले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा काकानं आधी खड्डे बघितले आणि मग त्यांच्यावरून नकाशा काढला. परवानगीचं काय केलं, असं विचारू नका. सुधारित नकाशे काढण्यात काकाचा हात कुणी धरणार नाही. भिंती चढल्या, छप्पर आलं. काका रोज कामावर जायचा आणि मिस्त्रींना विचारायचा, "हे असं का आहे?" आणि मिस्त्री म्हणायचे, "वहिनी तिथे दमल्या होत्या."

राहायला जायच्या दिवशी काकू तिसऱ्या मजल्यावरून शेवटची उतरली. मी तिच्यापुढे उलटी उभी. खाली आल्यावर तिनं वर वळूनही बघितलं नाही.

नव्या घरातल्या पहिल्या सकाळी मीही तिथेच होते. रात्री सामान लावता लावता उशीर झाला म्हणून पाच कोपऱ्यांच्या खोलीत झोपले होते, आणि जाग आल्यावर आपण कुठे आहोत, दार कोणत्या भिंतीला, काही उमजेना. बाहेर आले तर काकू ओट्यापाशी उभी होती, चहाचं आधण ठेवून. काका शेजारी, टूथब्रश तोंडात.

"अहो," काकू म्हणाली, "हा ओटा उंच झालाय. माझे खांदे भरून येतात."

काकाचा ब्रश थांबला.

"आणि ती खिडकी उलटी उघडते, डोक्याला लागते. आणि ओसरी अर्धीच का सोडलीत? पुढे करा ती. मला तिथे लांब पाय करून बसायचंय."

काकानं घाईघाईनं चूळ भरली. तो आमच्याकडे पाठ करून नळापाशी उभा राहिला, जरा जास्तच वेळ. मग ओट्याच्या कडेवर हात ठेवून त्यानं विचारलं, "तिकडचा ओटा किती होता गं? भाड्याच्या घरातला?"

"तिकडचा ह्याहून उंच होता."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

काकूनं चहा गाळायला घेतला. "ते काय माझं घर होतं?" ती म्हणाली.

काका ओट्याला टेकून उभा होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसतही होता. त्याला काय होतंय ते मला कळेना, आणि बहुधा त्यालाही कळत नसावं.

"आणखी काय काय चुकलंय?" त्यानं विचारलं.

"बसा," काकू म्हणाली. "बरंच आहे."